एका कोटातले दोघे

शनिवारी सकाळी चांगू ओटीवरून चुलीकडं आणि चुलीकडून ओटीवर असा सात वेळा गेला. निघाला होता पाणी प्यायला, पण सात फेऱ्यांत पाण्याचा थेंब काही पोटात गेला नाही. मधल्या खोलीत त्याची म्हातारी आई साळूबाई नाचणी पाखडत बसली होती. तिनं पाच फेऱ्या बघून घेतल्या. सहाव्या फेरीला सूप खाली ठेवलं.

"चांग्या, काय हरवलाय तुझा?"

"काय नाय."

"मग बैलासारखा घाण्याला का लागलायस?"

चांगू काय सांगणार? भिंतीवरचा माणूस बदलतोय, असं आईला सांगायचं म्हणजे आई लगेच मिरच्या ओवाळणार. तो मुकाट्यानं सातवी फेरी मारून आला आणि ओटीच्या पायरीवर डोकं धरून बसला.

आता नीट सांगतो. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला वरचा कोंड म्हणून वाडी आहे, तिथला हा चांगू. पोलादपूर स्टँडवर मिनीडोर, म्हणजे भाड्याची मोठी तीनचाकी, चालवायचा. बाप लवकर गेला, त्यामुळे धाकटी बहीण आवडी हिचं लग्न करून देणं याच्याच गळ्यात. आवडी बाविशीची, बारावी झालेली, आणि शिवणाच्या मशीनवर बसली की पाच गावांच्या बायका तिच्याकडं ब्लाऊज टाकायच्या. बोलायची मात्र अगदी कमी. धागा तोंडात धरून धरून तिला तशी सवयच लागली असावी.

तिला दोन स्थळं सांगून आली होती. एक शिवथरचं. पोरगा मुंबईला कंपनीत, मिशी झुबकेदार. दुसरं दासगावचं. पोरगा महाडात मोटरी आणि पंप दुरुस्त करायचा, मिशी नाही, भुवया मात्र जाड. दोन्ही स्थळं लग्नं जमवणाऱ्या भिकूनानानं आणली, आणि दोन्ही फोटोही त्यानंच एका दिवशी आणून दिले.

आमच्या त्या भागात तेव्हा एक रीत होती. फोटो आला की दुसऱ्या रविवारपर्यंत विचार करायचा. नकार असेल तर फोटो गुपचूप परत पाठवायचा. पाठवताना त्या घराचं नावसुद्धा घ्यायचं नाही, बोभाटा झाला तर पोराला दुसरीकडं अडचण होते. आणि फोटो नाही परत गेला, तर तो होकार. रविवारी दुपारी पोराकडची माणसं नारळ घेऊन सुपारी फोडायला हजर.

चांगूनं ठरवलं होतं, शिवथरचा ठेवायचा, दासगावचा परत करायचा. मुंबईची कंपनी म्हणजे काय खायचं काम आहे का. आवडीला विचारलं होतं. म्हणजे जेवता जेवता सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मशीन नेऊ काय रं दादा तिकडं?"

"मुंबईच्या खोलीत माणसाला वळायला जागा नाय, मशीन कुठं ठेवशील? राहूदे इथंच. वहिनी वापरंल."

"बरं," आवडी म्हणाली आणि ताट उचलून गेली. झालं, विचारणं संपलं.

तर हा उद्याचा रविवार म्हणजे तो दुसरा रविवार. दासगावचा फोटो आज-उद्यात जायला पाहिजे होता.

चांगू पहाटे अंधारात घर सोडायचा आणि रात्री ओटीवरच जेवून पडायचा. बुधवारपासून तो ओटीवरून बघत होता, मधल्या खोलीच्या भिंतीवर शिवथरच्या पोराचा फोटो लागलाय. मिशी, कोट, मागं पडद्यावर रंगवलेला धबधबा. त्याला बरं वाटलं. पोरगी बोलत नाही, पण मनात आहे हो, असं तो बायकोला सांगणार होता, पण बायको माहेरी गेलेली. आज शनिवारी सकाळी गाडीचं चाक पंक्चर झालं म्हणून तो घरी राहिला, पाणी प्यायला आत गेला, तांब्या घेतला, सहज मागं वळून बघितलं, तर भिंतीवर दासगावचा. कोट तोच, धबधबा तोच, मिशी गायब.

म्हणून त्या सात फेऱ्या.

"बाबा, तुम्ही मधे थांबून बघा, अजून मजा येते."

हा साहिल, चांगूचा थोरला, चौथीतला. त्याच्या मागं दुसरीतली सेजल. दोघं दप्तर घेऊन शाळेला निघाली होती.

"काय मजा?"

"नजरबंदीचं चित्र हाय ते. अम्बरीनबाईंनी शिकवलं कार्यानुभवाच्या तासाला. दोन चित्रं घ्यायची, एका मापाची. मागं नंबर टाकायचे. मग उभ्या पट्ट्या कापायच्या, ह्याची एक, त्याची एक, अशा पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. मग पंख्यासारख्या घड्या घालायच्या. इकडनं बघितलं की एक दिसतो, तिकडनं बघितलं की दुसरा."

चांगूनं डोक्यावरचे हात काढले. "कापायच्या म्हणजे?"

"कात्रीनं," सेजल म्हणाली.

चांगू उठून भिंतीजवळ गेला. नाकाला नाक लावून बघितलं. बोटाएवढ्या रुंद पट्ट्या, एक ह्याची, एक त्याची, भाताच्या खळीनं अशा बसवलेल्या की नखसुद्धा शिरत नव्हतं.

"गाढवांनो, दुसरं चित्र मिळालं नाय तुम्हाला?"

"बाईंनी सांगितलं सारख्या मापाची आणा," साहिल म्हणाला. "कॅलेंडरवरचे देव आजी कापू देत नाय. घरात सारख्या मापाची ही दोनच होती."

"शाळेत आमचाच पहिला नंबर आला," सेजलनं सांगितलं. "बाकीच्यांचे वाघ आणि पोपट. आमची माणसं."

साळूबाई भिंतीसमोर मधोमध बसलेली. तिनं मान वर केली. "मला इथनं तिसराच दिसतोय. भुवया त्या दासगावच्याच्या आणि मिशी शिवथरवाल्याची. तो बरा हाय बघ. त्याला विचार ना कुठला ते."

"आये, तू नाचणी पाखड."

चांगूनं चित्र खिळ्यावरून काढलं, गळ्यातल्या टॉवेलात गुंडाळलं आणि पोरांच्या मागोमाग शाळेत गेला. अम्बरीनबाई महाडच्या. रोज दोन एसट्या बदलून यायच्या, त्यामुळे सकाळी आठलाच दमलेल्या असायच्या. त्यांनी चांगूचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी जुन्या वह्यांची कव्हरं आणायला सांगितलं होतं. हे दोघे मला वाटलं तुमचे भाऊ आहेत. कोट एकच दिसला."

"बाई, ह्यातला एक मला उद्या परत द्यायचाय."

बाईंनी चित्र हातात फिरवून बघितलं. "हे सुटणार नाही. ओलं केलंत तर दोघंही जातील. पण फोटो ताबिशभाईंच्या स्टुडिओतला आहे, तो धबधबा मी ओळखते. माझ्या मामूच्या मागंही तोच आहे. त्यांच्याकडं निगेटिव्ह असेल, नवीन प्रत काढून घ्या."

म्हणून हुशार माणसाकडं जावं. चांगूनं पंक्चर काढून घेतलं, पोलादपुरातून महाडची भाडी भरली आणि अकराच्या सुमारास ताबिशभाईंच्या स्टुडिओत पोचला.

ताबिशभाई म्हणजे त्या भागातल्या निम्म्या लग्नांचं मूळ. लग्नाच्या पोरांचा फोटो ते काळापांढराच काढायचे. रंगीत काढला तर रंग दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आणि स्टुडिओचा एक कोट होता, खुंटीला टांगलेला. जाड्याला पुढून बटण लावायचं, बारक्याला मागून चिमटा.

"निगेटिव्ह हाय, पण पाकिटावर नाव मी कधी टाकत नाय," ताबिशभाई म्हणाले. "तोंडावरनं शोधायला लागंल. त्या कोटात अर्धा तालुका उभा राहिलाय. दाखवा, कोण पायजे?"

चांगूनं टॉवेल सोडला. ताबिशभाईंनी चित्र उचलून खिडकीच्या उजेडात उभं धरलं. आणि फोटोचं राहिलं बाजूला, कौतुकच करत बसले. "क्या बात हाय. कुणी केलं? पट्टी बघा, एक सूत वाकडी नाय. घरात कुणी टेलर हाय काय?"

"पोरांनी केलंय. भाई, माझं पॅसेंजर बाहेर बसलंय."

"बरं. कोण पायजे?"

आता बघा हं. ताबिशभाई चित्राच्या डाव्या अंगाला उभे, चांगू उजव्या अंगाला. एवढं ध्यानात ठेवा, बाकी मी काही सांगत नाही.

चांगूनं बोट केलं. "हा."

ताबिशभाईंनी आपल्या बाजूनं बघितलं. "हा काय? चांगला हाय की. परत करताय?"

"करायलाच लागणार."

"तोंडावर तेज हाय त्याच्या."

"तेज हाय, पण नोकरी नाय."

"नोकरी नाय?" ताबिशभाईंना नवल वाटलं. "मला तर बोललेला कंपनीत हाय म्हणून."

"बोलतात सगळे. भाई, हाच. बघून घ्या नीट."

"बघितला. विसरणार नाय."

बाहेर मिनीडोरमधल्या एका आजीनं हात घालून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. ताबिशभाई अंधाऱ्या खोलीत गेले. पाऊण तासानं एक ओला फोटो टिपकागदात घालून, वर खाकी पाकीट चढवून घेऊन आले.

"ओला हाय. रात्रभर उघडू नका. उघडलात तर तोंड चिकटंल कागदाला."

चांगूनं पाकीट गाडीत डोक्यावरच्या देवाच्या तसबिरीमागं सरळ उभं खोचलं आणि घाटाकडं निघाला. संध्याकाळी भिकूनानाच्या हातात पाकीट देताना त्याला हलकं हलकं वाटत होतं.

"नाना, सकाळी जा. ज्याचा हाय त्याच्या घरी देऊन ये. बोलायचं काय नाय."

भिकूनाना पन्नास लग्नं जमवलेला माणूस. त्याला रीत कोण शिकवणार. कुणाचा म्हणून त्यानं विचारलं नाही, कुणाचा म्हणून चांगूनं सांगितलं नाही. चांगूनं घरी येऊन चित्र पुन्हा खिळ्याला लावलं. ओटीवरून शिवथरचा दिसत होताच, मग काढायचा कशाला.

रविवारी दुपारी भिकूनाना आला. टोपी काढून ओटीवर टेकला.

"दिला."

"काय बोलले?"

"काय बोलणार? तोंडं पडली त्यांची. चहा पण नाय दिला. तसाच निघालो, वाटेत घळीपाशी थांबून पाणी प्यायलो."

चांगू पान लावत होता. त्याचा हात थांबला. "दासगावात कुठली रं घळ, नाना?"

"दासगाव कुठनं आला? मी शिवथरला गेलेलो. सकाळी पाकीट उघडून बघितला ना, कुणाचा हाय तो. मिशीवाला होता. शिवथरचा. मला पण वाटलं, चांगूनं मुंबईवाला कसा काय सोडला. पण म्हटलं, भावाबहिणीनं विचार केला असंल."

चांगूच्या हातातलं पान चुन्यासकट खाली पडलं.

आता हिशोब बघा, कसा सरळ होता. शिवथरला फोटो गेला, म्हणजे शिवथरला नकार. दासगावला फोटो गेला नाही, म्हणजे दासगावला होकार. दासगावची माणसं एव्हाना नारळ घेऊन निघालेली असणार.

"किती वाजले?"

"तीन."

"मी जातो आडवा. पोलादपुरातच गाठतो. दाखवतो त्यांना हे चित्र, सांगतो, पोरांनी घोटाळा केलाय."

चांगू चित्र काढायला आत पळाला. पळता पळता नाचणीच्या टोपलीला पाय लागला, तोल गेला आणि धप्पकन टेकला तो मागच्या दाराजवळ आवडीच्या मशीनच्या स्टुलावर. गुडघा चोळत त्यानं मान वर केली.

समोर भिंतीवर दासगावचा पोरगा. सरळ त्याच्याकडं बघत होता.

चांगूनं मान जरा डावीकडं नेली, जरा उजवीकडं नेली. जरा हललं की भुवई तुटायची, मिशीचं टोक दिसायचं. पण स्टुलावर मधोमध, शिवायला बसल्यासारखं बसलं, की पोरगा अख्खा. कान, भुवया, कोटाचं बटण, सगळं. शाळेतल्या पोरानं कुठंतरी ठोकलेला खिळा नव्हता तो. स्टुलावर बसून, मापून ठोकलेला होता.

मशीनच्या फळीवर मोठी कात्री होती. शेजारी शिसपेन्सिल आणि कापडावर रेघ मारायची लाकडी पट्टी. ताबिशभाईंचं बोलणं त्याला आता आठवलं. एक सूत वाकडी नाय.

आवडी मागच्या दारात उभी होती. हातात पाण्याची कळशी.

"पट्ट्या कुणी कापल्या?"

"पोरांनी."

"सेजलला स्वतःचं नख कापता येत नाय."

आवडीनं कळशी खाली ठेवली. "थोडा हात लावला मी."

"फोटो कुणी काढून दिले?"

"सारख्या मापाचे पायजे होते पोरांना."

"आणि खिळा?"

"साहिलचा हात नाय पुरत तिथं."

चांगू स्टुलावरून उठला नाही. गुडघा दुखत होता, त्याला बसायला कारणही होतं. मग म्हणाला, "विचारलं तेव्हा तोंडात काय होतं तुझ्या?"

"विचारलंस कुठं? सांगितलंस. मी मशीनचं विचारलं तर बोललास, वहिनी वापरंल."

"मग? दासगाववाला मशीनचं काय बोलला?"

"बघायला आलेला तेव्हा तुम्ही सगळे सुपारी कातरत होतात. तो पाणी प्यायला आत आला. मशीनचं चाक हलवून बघितलं न् बोलला, ह्याला मोटर बसते, पाय दुखायचे नायत." एवढं लांबलचक बोलून आवडीला दम लागला. तिनं पदरानं कळशी पुसली. कळशी कोरडीच होती.

साळूबाई सांडलेली नाचणी गोळा करत होती. "मी तर पहिल्या दिवसापासून बोलते, तिसरा बरा हाय."

खालून जीपचा आवाज आला. साहिल धावत आला. "बाबा, दासगावची माणसं आली. पाच जण हायत. नारळ हाय. पेढ्याचा पुडा पण हाय."

भिकूनाना ओटीवरून म्हणाला, "चांगू, काय सांगायचं ते आत्ताच सांग. पायरी चढली की सांगता यायचं नाय."

चांगू उठला. चित्र खिळ्यावरून काढलं. एका हातात चित्र, एका हातात हातोडी घेऊन तो क्षणभर मधल्या खोलीत उभा राहिला. आवडी दारातून हलली नव्हती. मग चांगू वळला आणि त्यानं समोरच्या भिंतीवर चार ठोके टाकून नवा खिळा मारला, त्याला चित्र अडकवलं. भिंत बदलली तशी चित्राची तोंडंही बदलली. आता ओटीवरून दासगावचा दिसत होता.

"दादा," आवडी हळूच म्हणाली, "आता माझ्या मशीनवरनं शिवथरवाला दिसंल."

"दिसूदे. मशीन इथं राहतंय कुठं."

पोराचा बाप सदूबाबा ओटीवर येऊन टेकला. आत नजर गेली आणि त्याचा चेहरा फुलला. आपल्या पोराचा फोटो, भिंतीला, पुठ्ठ्यावर लावलेला. "बघा," तो बरोबरच्यांना म्हणाला, "ह्याला बोलतात माणूस. आम्हाला वाटत होतं तुम्ही मुंबईवाला धरणार. कोट कसा शोभतोय पोराला."

"कोटाचं काय, कुणालाबी शोभतो तो," चांगू म्हणाला.

सुपारी फुटली. पेढे झाले. सगळं निभावलं असं वाटत असताना सदूबाबा चूळ भरायला उठला. चांगू त्याच्या आडवा आडवा चालत मागच्या दारापर्यंत गेला, पण माणूस परत येताना पुढं तोंड करूनच येतो. सदूबाबा भिंतीसमोर थबकला.

"चांगू."

"काय बाबा?"

"मघाशी ह्याला मिशी होती?"

ओटीवर भिकूनानाचं पान गिळायचं राहिलं. आवडी चुलीत फुंकर घालायला वाकली. चूल विझलेली होती.

"पोरांचं काम हाय, बाबा," चांगू शांतपणे म्हणाला. "लग्नात मिशी ठेवली तर कसा दिसंल, ते त्यांनी आधीच करून बघितलं."

सदूबाबानं बराच वेळ बघितलं. "म्हणजे तुमच्याकडं मिशी आवडते तर."

"आईला आवडते," चांगू म्हणाला, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

वैशाखात लग्न झालं. वऱ्हाड वाडीच्या खाली आलं तेव्हा साळूबाईला खुर्ची टाकून मांडवाच्या तोंडाशी बसवलं होतं. नवरा जीपमधून उतरला. ताबिशभाईंचा कोट, वर जाड भुवया, आणि दोन महिने राखलेली झुबकेदार मिशी. बापानं घरी जाऊन निरोप दिला होता, सासरी मिशी लागते.

आवडीनं अंतरपाटाच्या कडेनं एकदा बघितलं आणि ओठ दाबून मान खाली घातली.

साळूबाईनं मात्र चांगूचा सदरा ओढून त्याला खाली वाकवलं.

"बघ मेल्या," ती त्याच्या कानात म्हणाली, "शेवटी माझाच मिळाला."